तासभर सलग की दिवसभर थोडं थोडं? नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांसाठी

आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, तरी मी दिवसातून दोन-तीनदा जिन्याने भराभर चढते. सुरुवातीच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "काय गं, खाली काही विसरलीस का?"

"नाही काकू, व्यायाम करतेय."

"एवढासा? मिनिटभराचा?"

तेव्हा दम लागला होता, नीट उत्तर देता आलं नाही. ते आता सविस्तर लिहिते.

मी ४६ वर्षांची, डोंबिवलीत राहते, नोकरी मुंबईत. दोन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. घरी येऊन मी दिवसाचा हिशोब मांडला. सव्वापाचला पाणी येतं, सहाला जातं. मग दोन डबे, सासूबाईंचा नाश्ता आणि गोळ्या, सव्वासातला घराबाहेर, पावणेआठची लोकल. परत यायला संध्याकाळचे पावणेआठ. आल्या आल्या कुकर. यात सलग पाऊण तास कुठे सापडेना. साडेचारला उठून अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी मुलाला ताप आला, आणि चालणं जे बंद पडलं ते चार महिने.

त्या चार महिन्यांत मला वाटायचं की चिकाटी कमी पडली. आज मला ते अजिबात पटत नाही. सलग पाऊण तास मिळायचा तर त्या वेळात कुकरच्या शिट्ट्या मोजणारं, बेल वाजली की उठणारं दुसरं कुणीतरी घरात लागतं. ज्यांच्याकडे तसं कुणी नाही, त्यांच्या वाट्याला दिवस तुकड्यातुकड्यांनीच येतो. मग व्यायामही तुकड्यांनी करायचा. तो शरीराला लागू पडतो का, एवढाच खरा प्रश्न.

तुकडे धरले जातात का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली सांगितलं होतं की प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि तो एका वेळी निदान १० मिनिटं सलग असावा. २०२० साली त्यांनी हे मार्गदर्शन सुधारलं. आता आकडा १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम असा आहे, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे प्रकार. दहा मिनिटांची अट मात्र काढून टाकली. अमेरिकेने ती २०१८ मध्येच काढली होती. म्हणजे दोन मिनिटांचा जिनाही आता हिशोबात येतो.

अट निघाली ती पुरावे जमल्यामुळे. एकूण वेळ तेवढाच ठेवून एका गटाने सलग आणि दुसऱ्याने तुकड्यांत व्यायाम केला, अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दमसास, रक्तदाब, रक्तातली चरबी यांत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. त्याच वर्षी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा जिन्याचा प्रयोग आला. बैठं आयुष्य जगणाऱ्या तरुणांनी दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी ६० पायऱ्या जोरात चढायच्या. दोन वेळांत एक ते चार तासांचं अंतर, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. त्यांचा दमसास साधारण पाच टक्क्यांनी वाढला. आकडा मोठा नाही, पण दिवसाकाठी प्रत्यक्ष चढण्यात किती कमी वेळ गेला ते बघा.

सिडनी विद्यापीठाच्या इमॅन्युएल स्टमाटाकिस यांच्या गटाने २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या पंचवीस हजारांहून अधिक माणसांच्या मनगटी यंत्रांची नोंद तपासली. ही सगळी अजिबात व्यायाम न करणारी माणसं होती. बस पकडायला पळणं, पिशव्या घेऊन चढ चढणं असे मिनिट-दोन मिनिटांचे जोरदार झटके ज्यांच्या दिवसात तीनेक वेळा येत होते, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण तसे झटके नसलेल्यांपेक्षा ३८ ते ४० टक्क्यांनी कमी होतं. ही फक्त नोंद आहे, प्रयोग नव्हे. जे पळू शकतात ते मुळात धडधाकट असतील, हेही त्यात मिसळलेलं असू शकतं. तरी डोंबिवली स्टेशनचा पूल रोज धापा टाकत चढणाऱ्या बाईला ही नोंद वाचून बरं वाटतं.

शतपावलीची गोष्ट वेगळी

एका बाबतीत तुकडे सलग व्यायामाच्या बरोबरीचे नाहीत, सरस आहेत. ती म्हणजे जेवणानंतरची साखर.

न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठाने २०१६ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांवर प्रयोग केला. काही दिवस त्यांनी दिवसातून कधीही सलग ३० मिनिटं चालायचं, आणि काही दिवस तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं. चालणं तेवढंच, पण जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी.

कारण समजायला सोपं आहे. साखरेला स्नायूच्या आत शिरायला एरवी इन्शुलिनने दार उघडावं लागतं. स्नायू काम करायला लागला की त्याचं स्वतःचं एक दार उघडतं, तिथे इन्शुलिनची वाट बघावी लागत नाही. जेवण झाल्यावर पाऊण ते दीड तासात साखर चढत असते. नेमकं त्याच वेळी मांड्या-पोटऱ्या चालू असतील, तर ती रक्तात साठायच्या आधीच उचलली जाते. सकाळी सहाला तासभर चाललात तर फायदा आहेच, पण रात्री नऊच्या भाताला तो तितकासा पुरत नाही.

मी हे घरच्या ग्लुकोमीटरवर पाहिलं. दोन रात्री अगदी तेच जेवण: दोन पोळ्या, वाटीभर मुगाची आमटी, वाटीभर भात. पहिल्या रात्री जेवून टीव्हीसमोर बसले, तासाभराने आकडा १७२. दुसऱ्या रात्री पंधरा मिनिटं इमारतीभोवती फेऱ्या, तासाभराने १३८. घरच्या यंत्रात पाच-दहाचा फरक चालायचाच आणि दोन रात्रींवरून शास्त्र ठरत नाही. पण त्या रात्रीपासून शतपावली चुकवावीशी वाटली नाही.

आपल्याकडे या गोष्टीला शब्दच आहे. शंभर पावलं म्हणजे जेमतेम मिनिटभर, त्याची फक्त दहा मिनिटं करायची आहेत.

पायरी १: आधी कुणी डॉक्टरांना विचारायचं

हृदयविकार झालेला असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, चालताना छातीत दाब येत असेल, गरोदर असाल, किंवा अलीकडे ऑपरेशन झालं असेल तर सुरू करण्यापूर्वी विचारा. इन्शुलिन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाने साखर फार खाली जाऊ शकते. डोस आणि व्यायामाची वेळ यांचा मेळ डॉक्टरांनाच घालू द्या, आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. व्यायाम करताना छातीत, जबड्यात किंवा हातात कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बसल्यावरही दम ओसरेना, तर थांबायचं आणि लगेच डॉक्टरांना दाखवायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

बाकीच्यांनी हलक्या चालीने सुरुवात करायला हरकत नाही.

पायरी २: स्वतःचा दम ओळखा

मनगटावर घड्याळ नसलं तरी चालतं. चालता चालता शेजारणीशी बोलता येतंय, पण आरती म्हणता येणार नाही, हा मध्यम व्यायाम. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, हा जोरदार. आरती सहज म्हणता येत असेल तर ते फिरणं झालं. फिरणंही चांगलंच, पण १५० मिनिटांच्या हिशोबात धरू नका. दुसरी खूण पावलांची: मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की बहुतेकांची चाल मध्यम होते. पंधरा सेकंद मोजा, पंचवीस पावलं यायला हवीत.

जोरदार एक मिनिट म्हणजे मध्यम दोन मिनिटं, असा हिशोब धरतात.

तुकड्यांत व्यायाम करणाऱ्यांची नेहमीची चूक इथेच होते. पाच मिनिटं आहेत म्हणून रमतगमत करतात आणि महिन्याने म्हणतात, काही फरक नाही. तुकडा जितका लहान, तितका त्यात दम लागायला हवा. दहा मिनिटांचा असेल तर भरभर चाल पुरते. एक मिनिटाचा असेल तर शेवटी बोलणं तुटलं पाहिजे.

पायरी ३: खुंटी शोधा

"वेळ मिळेल तसं करेन" म्हटलं की होत नाही. तुकडा अडकवायला दिवसात आधीपासून ठोकलेली खुंटी हवी. कुणी न सांगता तुम्ही रोज जे करता, ती खुंटी. एक कागद घ्या आणि उद्याचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहून काढा. वेळा नकोत, घटना लिहा: पाणी भरणं, चहा उकळणं, कुकर, स्टेशन, ऑफिसात शिरणं, डबा, चारचा चहा, घरचं दार, जेवण, भांडी, दात घासणं. त्यातल्या तीन निवडा. पहिल्या आठवड्यात तीनच.

माझ्या तीन अशा होत्या. सकाळी कुकर लावला की तिसरी शिट्टी होईपर्यंत ओट्यावरचे जोर. ऑफिसच्या दारात लिफ्टकडे न वळता जिना. रात्री जेवून भांडी सिंकमध्ये टाकली की घासण्याआधी चप्पल नाही, बूट. हे 'आधी' महत्त्वाचं आहे. भांडी घासून निघू म्हटलं की ओटा पुसायचा असतो, मग दही लावायचं असतं, आणि साडेदहा वाजतात. भांडी दहा मिनिटं थांबतात, त्यांना काही होत नाही.

यावर घरात बोलावं लागतं. मी सासूबाईंना सांगितलं, "आई, जेवण झालं की मी दहा मिनिटं खाली जाऊन येते, साखरेसाठी." त्या म्हणाल्या, "जा की, भांडी कुठे पळतायत." न विचारता मी उगाच दोन महिने संकोच केला होता.

घरून काम करणाऱ्यांना प्रवास नाही, म्हणजे आयत्या खुंट्या कमी. त्यांनी फोन ही खुंटी धरावी: कॉल आला की उठून चालत बोलायचं. कोलंबिया विद्यापीठाने २०२३ मध्ये अकरा जणांवर छोटा प्रयोग केला. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चाललं तर दिवसभर बसून राहण्याच्या तुलनेत जेवणानंतरची साखरेची उसळी ५८ टक्क्यांनी कमी झाली. ऑफिसात दर अर्ध्या तासाला कोण उठू देणार, हे मला माहीत आहे. तासातून एकदा पाण्याची बाटली भरायला उठा, आणि लांबच्या कूलरवर जा.

पायरी ४: तुकड्यात करायचं काय

चार प्रकार पुरतात.

खुर्चीवरून ऊठबस. घरातली न हलणारी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं एकमेकांपासून खांद्यांइतकी लांब, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर. नाक पायांच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि श्वास सोडत उभं राहा. खाली बसताना धपकन नको, मनात तीन आकडे मोजत बसा. ताकद त्या सावकाश बसण्यातून येते. गुडघे आत एकमेकांकडे झुकू देऊ नका. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. आठ वेळा सहज जमलं की दहा, मग पंधरा. पंधरा सोपे झाले की पोटाशी पाच किलोची तांदळाची पिशवी धरून पुन्हा आठ.

ओट्यावरचे जोर. ओटा कोरडा पुसून घ्या, गॅसपासून दूरची बाजू निवडा. हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद, पाय मागे, डोक्यापासून टाचेपर्यंत एक रेघ. कोपर बाहेर न फाकवता छाती ओट्याच्या कडेजवळ न्या आणि ढकलून वर या. पोट सैल सोडलं की कंबर लोंबते आणि दुसऱ्या दिवशी पाठ दुखते. ओटा अवघड वाटला तर भिंतीवर करा. ओटा सोपा झाला तर सोफ्याच्या हातावर, मग जमिनीवर. तालमीतला जोर हाच, फक्त तिरका केल्यामुळे अंगावरचा भार कमी होतो.

जिना. पहिला मजला सावकाश, तोच वॉर्मअप. पुढचे दोन भराभर, पूर्ण पाऊल पायरीवर टेकवून. उतरताना घाई अजिबात नको, हात कठड्यावर. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरण्याचा त्रास जास्त होतो, म्हणून गुडघे कुरकुरत असतील तर चढा जिन्याने आणि उतरा लिफ्टने. पावसाळ्यात ओल्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळाची स्लीपर घालून हे करू नका. स्टेशनच्या गर्दीत तर मुळीच नको.

भरभर चाल. हिला शिकवणी लागत नाही. फक्त फोन खिशात ठेवा.

याशिवाय सूर्यनमस्कार ज्यांना शाळेपासून येतात, त्यांच्यासाठी तो आयता तुकडा आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात त्यांचा प्रसार केला, शाळांमध्ये नेले. चार-पाच नमस्कार म्हणजे दोन-तीन मिनिटं, आणि वेग वाढवला तर चांगला दम लागतो. पण पंचवीस वर्षांनी पुन्हा सुरू करताना पहिल्याच दिवशी बारा घालू नका. मनगटं आणि पोटऱ्या तीन दिवस बोलतात.

ताकदीच्या व्यायामालाही थोडं थोडं चालतं का? ऑस्ट्रेलियातल्या एडिथ कोवन विद्यापीठाने चार आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटाने दंडाचा एकच व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, रोज फक्त सहा वेळा केला. दुसऱ्याने तेच तीस एका दिवसात उरकले. स्नायूची जाडी दोघांचीही वाढली, ताकद मात्र रोजवाल्यांचीच, दहा टक्क्यांहून जास्त. प्रत्येक सहा वेळांत त्यांनी पूर्ण जोर लावला होता, हे विसरू नये.

पायरी ५: आठवड्यांची चढण

पहिले दोन आठवडे तीन तुकडे, एकूण पंधरा मिनिटं. रात्रीची शतपावली दहा मिनिटं, दुपारच्या डब्यानंतर तीन मिनिटं जिना-चाल, सकाळी दोन मिनिटं ऊठबस किंवा जोर. अंग जास्त मागेल, तरी देऊ नका. नवखा माणूस पहिल्या आठवड्यात हौसेने तिप्पट करतो आणि दुसऱ्या आठवड्यात मांड्या धरून बसतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारची चाल दहा मिनिटांची करा आणि स्टेशन, बसथांबा किंवा बाजारापर्यंतची दहा मिनिटं भरभर चाला. आता हिशोब पाहा. रात्रीची १० मिनिटं सात दिवस म्हणजे ७०, दुपारची १० पाच दिवस म्हणजे ५०, स्टेशनची १० पाच दिवस म्हणजे ५०. बेरीज १७०. जोर-ऊठबस वेगळेच. व्यायामासाठी म्हणून तुम्ही कुठेही गेला नाहीत, पैसे भरले नाहीत, पहाटे साडेचारला उठला नाहीत.

पाचव्या आठवड्यापासून चाल न वाढवता जोर वाढवा: जिन्याचे मजले, तांदळाची पिशवी, ओट्याऐवजी सोफा. भारतीय तज्ज्ञांच्या २०१२च्या शिफारशीत आपल्या लोकांसाठी रोज ६० मिनिटं हालचाल सांगितली आहे, कारण आपल्याकडे मधुमेह आणि पोटावरची चरबी कमी वजनातही येते. त्या साठांत कामानिमित्ताची हालचाल आणि ताकदीचे व्यायामही धरलेले आहेत. हा आकडा वर्षभरात गाठायचा आहे, महिन्यात नाही.

नोंद भिंतीवरच्या कालनिर्णयवर ठेवा. दुधाच्या हिशोबाशेजारी, प्रत्येक तुकड्याला एक उभी रेघ. ॲप असेल तर उत्तम. पण भिंतीवरच्या रेघा घरातल्या सगळ्यांना दिसतात, आणि रविवारी मुलगा विचारतो, "आई, काल एकच?"

घरकाम करते, मग वेगळा व्यायाम कशाला?

हे मला सगळ्यात जास्त बायका विचारतात, म्हणून थोडं थांबून लिहिते. घरकामात श्रम आहेत, ते कुणी नाकारू नये. पण शरीर वेगवेगळ्या कामांना वेगळं मोजतं. ओट्याशी दोन तास उभं राहून पाय दुखतात, दम मात्र लागत नाही. तो थकवा आहे, हृदयाला मिळालेला व्यायाम नाही. वाकून केर काढणं, लादी जोर लावून पुसणं, पाण्याच्या बादल्या उचलणं यांत दम लागतो, ती मिनिटं खुशाल धरा. आरतीची कसोटी इथेही चालते. अडचण ताकदीची आहे. घरकामाचं वजन वर्षानुवर्षं तेच राहतं, आणि स्नायू वाढायला भार वाढत जावा लागतो. चाळिशीनंतर बायकांची हाडं आणि स्नायू दोन्ही झिजू लागतात, म्हणून जोर आणि ऊठबस हे दोन तुकडे घरकामाने भरून निघत नाहीत. २०२२च्या आकड्यांनुसार भारतातल्या ५७ टक्के बायकांची हालचाल पुरेशी नव्हती, पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के. दिवसभर पायावर असणाऱ्या बायकांच्या देशात हा आकडा येतो. माझ्या मते त्यामागे आळस नाही, दम लागेल अशी हालचाल करायला न मिळालेली मोकळीक आहे.

सलग व्यायाम कुणाला हवाच

ज्याला लांब अंतर गाठायचं आहे, त्याला तुकडे पुरणार नाहीत. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जायचं असेल, तर पायांना आणि पायांच्या कातडीलाही तासन्‌तास चालायची सवय लागते. पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाणारा टप्पा जिन्याच्या साठ पायऱ्यांवर निभत नाही. वारीला, ट्रेकला किंवा मॅरेथॉनला जायचं असेल तर दोन-तीन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा सलग चाल धरा: आधी तासभर, मग दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवत. बाकीचे दिवस तुकडे चालू ठेवा.

मोठी वजनं उचलायची असतील, पोहायचं असेल, खेळ शिकायचा असेल, तर तिथेही सलग वेळ लागतो. आणि काही माणसांना सलग तास हवा असतो तो डोकं शांत व्हायला. तो मिळत असेल तर सोडू नका.

ज्यांना फक्त शनिवार-रविवार मोकळे मिळतात त्यांनीही हिरमुसायचं कारण नाही. ब्रिटनमधल्या सुमारे नव्वद हजार लोकांच्या नोंदींवर २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात, आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांत करणाऱ्यांनाही हृदयविकारापासून तो विभागून करणाऱ्यांइतकंच संरक्षण दिसलं. जेवणानंतरच्या साखरेचं काम मात्र रोजचं आहे.

वजनाबद्दल एक वाक्य: दहा मिनिटांचे तीन तुकडे असोत की सलग अर्धा तास, वजन मुख्यतः ताटातून कमी होतं, तेव्हा काट्यावर फरक नाही म्हणून चालणं सोडू नका.

खंड पडला तर

पडणारच. गणपतीत गावी गेलात, मुलांच्या परीक्षा आल्या, घरात आजारपण आलं. आठवड्याच्या आत परतलात तर जिथे सोडलं तिथूनच धरा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर आधीच्या निम्म्याने सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं चढा. ताप आला असेल तर तो पूर्ण उतरून अंगात त्राण येईपर्यंत काहीही नको, नंतर दोन दिवस फक्त घरातल्या घरात चाल. चुकलेल्या तुकड्यांची भरपाई एका दिवशी करायला जाऊ नका, पाय सुजतात आणि पुन्हा आठवडा जातो.

आणि कुठून सुरू करायचं हे सुचत नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. आज रात्री जेवल्यावर ताट उचललं की बूट घाला आणि दहा मिनिटं खाली जाऊन या. जोर, जिना, ऊठबस उद्या सकाळच्या कुकरपासून.